शाळेच्या फाटकाशी थांबणारा हक्क

आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या दोन शाळा एकाच आवारात भरतात. रस्त्याकडच्या कौलारू इमारतीत अनुदानित मराठी शाळा आहे आणि तिच्यामागे, नंतर केव्हातरी बांधलेल्या तीन मजली इमारतीत, इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा. मैदान एकच, पाण्याची टाकीही एकच. मधल्या सुट्टीत पुढच्या व्हरांड्यात मुले ताटल्या घेऊन ओळीने बसतात आणि बचत गटाच्या बायका पातेल्यातून खिचडी वाढतात. मागच्या इमारतीतली मुले पायऱ्यांवर बसून आपापले डबे उघडतात. एका रिक्षाचालकाची दोन मुले या आवारात शिकतात. थोरला सहावीत, पुढच्या इमारतीत. धाकटी दुसरीत, मागच्या इमारतीत, कारण आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या राखीव जागांच्या, सोडतीत तिचा नंबर लागला. थोरल्याला दुपारी गरम जेवण मिळते, जूनमध्ये बालभारतीच्या पुस्तकांचा संच हातात पडतो, आणि आरोग्य पथकाची गाडी येते तेव्हा त्याचे डोळे, दात, वजन तपासून त्याच्या नावाचे कार्ड भरले जाते. धाकटीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. घर एक, शिधापत्रिका एक, आणि उत्पन्नाचा दाखलाही तोच, ज्याच्या जोरावर तिला मागच्या इमारतीत प्रवेश मिळाला.

शासनाच्या लेखी यात काही वावगे नाही. पोषण आहार, मोफत पाठ्यपुस्तके, शालेय आरोग्य तपासणी या योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत. जो खासगी विनाअनुदानित शाळेत गेला तो स्वतःच्या ऐपतीवर गेला, असे त्यामागचे गृहीतक आहे. फी भरून मुलाला खासगी शाळेत घालणाऱ्या सुखवस्तू पालकाच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. पण रिक्षाचालकाच्या मुलीला त्या इमारतीत शासनानेच पाठवले आहे, शासनाच्या पोर्टलवरून, शासनाने काढलेल्या सोडतीतून आणि शासनाच्या पडताळणी समितीने कागद तपासल्यावर. ऐपत नाही म्हणून जिला प्रवेश दिला, तिला ऐपत आहे असे गृहीत धरून सेवा नाकारायच्या, हे एका डोक्याने केलेले काम वाटत नाही. सार्वजनिक पैशातून मुलाला ज्या सेवा द्यायच्या, त्या मुलाची गरज पाहून दिल्या पाहिजेत आणि शाळेला जे अनुदान द्यायचे ते शाळेचे उत्तरदायित्व पाहून. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे आपल्याकडे गरजू मूल उपाशी राहते आणि गरज नसलेल्या संस्थेला वाटा मिळत राहतो, असे माझे मत आहे.

त्याआधी ‘खासगी शाळा’ या शब्दाचा घोळ थोडा सोडवायला हवा. महाराष्ट्रात हा शब्द इतक्या निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो की त्यावरून कोणतेही धोरण ठरवणे धोक्याचे आहे. खासगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. साताऱ्याकडे काले येथे १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था कागदोपत्री खासगीच. पण तिच्या शाळांना कोणी ‘प्रायव्हेट स्कूल’ म्हणत नाही, कारण शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात आणि मुले बहुजन समाजाची. ग्रामीण महाराष्ट्रातले माध्यमिक शिक्षण मुख्यतः अशा खासगी अनुदानित संस्थांनी उभे केले. पुढे सरकारला पगाराचा बोजा पेलवेना, तेव्हा ‘कायम विनाअनुदानित’ नावाचा एक चमत्कारिक वर्ग निर्माण झाला. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि त्यानंतर अनुदानाचे टप्पे वीस टक्के, चाळीस टक्के असे चढत गेले. त्या प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर बसत आले आहेत. २०१२ च्या कायद्याने ‘स्वयंअर्थसहाय्यित’ ही आणखी एक जात आली. परिणाम असा की आज ‘खासगी’ या एकाच शब्दात पुण्या-मुंबईची वातानुकूलित आंतरराष्ट्रीय शाळाही येते आणि भाड्याच्या चार खोल्यांत, डी.एड. झालेल्या मुलींना तुटपुंज्या पगारावर राबवून चालवलेली तालुक्याची ‘इंग्लिश स्कूल’सुद्धा येते. या दुसऱ्या शाळेत मुले घालणारे लोक कोण? छोटे शेतकरी, दुकानातले नोकर, होमगार्ड, धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांनी सरकारी शाळा सोडली ती श्रीमंतीमुळे नव्हे. मुलगा इंग्रजीत बोलेल, प्रत्येक वर्गाला एक तरी शिक्षक असेल आणि तो जनगणनेच्या किंवा मतदारयादीच्या कामावर गेलेला नसेल, इतकीच त्यांची आशा असते. ही आशा पुष्कळदा फसवी ठरते, हे खरे आहे, पण त्याची शिक्षा मुलाला देण्याचे कारण नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना देणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. या बंधनातून अल्पसंख्याक संस्थांना मिळालेल्या सवलतीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या सवलतीवर शंका घेऊन विषय मोठ्या खंडपीठाकडे नेण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात दरवर्षी या कोट्यात लाखभर जागा असतात आणि अर्ज त्याच्या दुप्पट-तिप्पट येतात.

अर्ज भरण्याचा सोहळा एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. तालुक्याच्या ई-सेवा केंद्रात फेब्रुवारीच्या सुमारास एक आई संगणकाशेजारच्या स्टुलावर बसलेली असते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखला, वडिलांचा जातीचा दाखला किंवा लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आणि भाड्याने राहत असेल तर नोंदणीकृत भाडेकरार. केंद्रचालक नकाशावरचा लाल फुगा सरकवत विचारतो, “ताई, घर नेमकं कुठं? देवळाच्या अलीकडं का पलीकडं?” तो फुगा आपल्या घरावर नीट टेकला तर शाळा एक किलोमीटरच्या आत येते, चुकून नाल्यापलीकडे पडला तर ती एक ते तीन किलोमीटरच्या रकान्यात जाते, आणि पुढे पडताळणीत अंतर चुकीचे निघाले तर लागलेला प्रवेशही जातो. पाच-सहा वर्षांच्या मुलीचे भवितव्य एका फुग्यावर टांगलेले असते, असे म्हटले तर ती केवळ लेखकी अतिशयोक्ती ठरणार नाही.

एवढ्या दिव्यातून आत गेलेल्या मुलासाठी सरकार शाळेला पैसे देते, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जो खर्च करते तो, किंवा खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यायची, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात हा दर अनेक वर्षे मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये राहिला. कोविडच्या काळात तो ८,००० रुपयांवर आणला गेला होता. एक साधा हिशेब करून पाहू. ४० मुलांचा एक वर्ग धरला तर त्यात आरटीईची १० मुले येतात आणि पहिली ते आठवी मिळून ८० होतात. त्यांची वर्षाची प्रतिपूर्ती १४ लाख १३ हजार ६०० रुपये. मोठ्या शहरातल्या नामांकित शाळेला ही रक्कम गाळलेल्या ताकासारखी; तालुक्याच्या शाळेत मात्र तेवढ्यात कित्येक शिक्षकांचा वर्षाचा पगार भागतो. आणि हीच रक्कम वर्षानुवर्षे थकते. संस्थाचालकांच्या संघटना थकबाकीचा आकडा हजार कोटींच्या वर सांगत आल्या आहेत. त्यातला अभिनिवेश वजा केला तरी पैसे वेळेवर मिळत नाहीत, हे शिक्षण खातेही नाकारत नाही. थकलेल्या प्रतिपूर्तीचा राग मग कोणावर निघतो? कधी ‘ॲक्टिव्हिटी फी’च्या नावाने पालकाला बोलावणे येते, कधी संगणकाचे वेगळे पैसे मागितले जातात, कधी सहलीच्या यादीतून नाव गळते. सरकार आणि संस्थाचालक यांच्यातल्या देण्याघेण्याच्या भांडणात मूल ओलीस राहते.

शासनाने या पेचातून सुटण्याचा एक मार्ग २०२४ मध्ये काढला होता. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने नियमांत असा बदल केला की ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांचे बंधन नाही. असाच बदल कर्नाटकने त्याआधी केला होता आणि तेथील उच्च न्यायालयात तो टिकलाही होता. महाराष्ट्रात पोर्टल उघडले तेव्हा त्यावर जागा लाखांनी दिसत होत्या, कारण त्यांत बहुतांश जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा होत्या. पण अर्ज नेहमीच्या मानाने फारच थोडे आले. ज्या शाळेत मूल केव्हाही मोफत जाऊ शकते तिच्यासाठी सोडतीत कोण उभे राहील? मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मूळ कायद्याने दिलेले नियमाने काढून घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. प्रवेशाचा प्रश्न अशा रीतीने न्यायालयाने सोडवला, पण प्रवेशानंतरच्या सेवांचा प्रश्न कोणी तितक्या निकराने मांडलेला नाही. माझ्या दृष्टीने तो अधिक बोचरा आहे.

पुस्तकांपासून सुरुवात करू. कायद्याचे तिसरे कलम सांगते की प्राथमिक शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च मुलावर पडता कामा नये. त्यात ‘खर्च’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर २५ टक्क्यांतील मुलांनाही पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत असावेत, असे नाव घेऊन म्हटले आहे. प्रत्यक्षात जूनमध्ये शाळा एका दुकानाचे नाव सांगते आणि पालक तिथे जाऊन खासगी प्रकाशकांच्या पुस्तकांचा संच, बोधचिन्ह छापलेल्या वह्या, दोन गणवेश, पी.टी.चा वेगळा पोशाख आणि बूट विकत घेतो. फी माफ झाली या आनंदात पहिले वर्ष निघून जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उसनवारी सुरू होते. सरकार म्हणते, प्रतिपूर्तीत सगळे आले. शाळा म्हणते, प्रतिपूर्तीच आली नाही. दोघांचेही म्हणणे कागदावर बरोबर असते आणि पैसे पालकाच्या खिशातून जातात.

आरोग्याचे उदाहरण याहून विचित्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाला. फिरती पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालवयातील आजार आणि वाढीतील विलंब हेरतात, आणि गरज पडल्यास हृदयशस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार विनामूल्य करून देतात. हा कार्यक्रम सरकारच्या चांगल्या कामांपैकी एक आहे, हे निःसंकोच मान्य करायला हवे. पण अंगणवाडी सुटल्यावर तो शासकीय आणि अनुदानित शाळांपुरता उरतो. म्हणजे हृदयाला छिद्र असलेले मूल साडेपाच वर्षांचे होईपर्यंत शासनाच्या नजरेत असते आणि खासगी शाळेच्या पहिलीत बसले की दिसेनासे होते. पथकाची गाडी आमच्या त्या आवारात येते, पुढच्या इमारतीसमोर थांबते आणि परत जाते. मागच्या इमारतीपर्यंतची पन्नास पावले नियमात बसत नाहीत.

हे अपरिहार्य आहे असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची होती आणि त्यासाठी परिचारिका सरकारी लस घेऊन खासगी शाळांच्या वर्गांत गेल्या. श्रीमंतांच्या शाळांना सार्वजनिक पैसा कशाला, असे तेव्हा कोणी विचारले नाही. विचारले नाही, कारण गोवर शाळेचा प्रकार पाहून पसरत नाही आणि एका वर्गातली साथ शेजारच्या वस्तीत जाते, हे सगळ्यांना कळत होते. म्हणजे आपले स्वतःचे हित गुंतलेले असले की सेवा मुलाला द्यायची असते आणि ते गुंतलेले नसले की तीच सेवा शाळेची होते.

दिव्यांग मुलांबाबत तर कायदाच निःसंदिग्ध आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम सतराव्या कलमात शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर अशी जबाबदारी टाकतो की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक उपकरणे विनामूल्य पुरवावीत. तिथे शाळेचा प्रकार लिहिलेला नाही. तरीही समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक आणि उपकरणांची शिबिरे यांचा ओघ सरकारी व अनुदानित शाळांकडेच असतो. कर्णबधिर मुलाच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपते तेव्हा ती शाळेची मान्यता कोणत्या कलमाखाली आहे हे पाहून संपत नाही.

सर्वांत खटकणारी गोष्ट शिष्यवृत्तीची. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद दोन प्रकारच्या परीक्षा घेते. आपली परंपरागत शिष्यवृत्ती परीक्षा विनाअनुदानित शाळांच्या मुलांनाही देता येते. केंद्राची ‘एनएमएमएस’ ही आठवीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीची परीक्षा मात्र खासगी विनाअनुदानित शाळांच्या मुलांना देता येत नाही. उत्तीर्ण होणाऱ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. दुर्बल घटकातून, लाखाच्या आतल्या उत्पन्नावर आरटीईत प्रवेश मिळालेल्या मुलीला ही परीक्षा देता येत नाही. तिच्या तिप्पट उत्पन्नाच्या घरातल्या अनुदानित शाळेतील मुलाला देता येते. गरिबांसाठीच्या योजनेत गरिबीचा पुरावा शाळेच्या नावावरून ठरतो तो असा. आणि आठवी म्हणजे नेमके तेच वर्ष, ज्याच्या शेवटी शिक्षणहक्क कायद्याचे छत्र संपते आणि नववीची पूर्ण फी समोर उभी राहते.

आता दुसरी बाजू. सार्वजनिक पैसा खासगी शाळांच्या मुलांपर्यंत जाताच कामा नये, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच दाखवीन की तो आधीपासून जातच आहे, फक्त वरच्या मजल्यावर. शालेय शिक्षणावर जीएसटी नाही. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांना प्राप्तिकरात सवलत आहे. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत दोन मुलांच्या ट्यूशन फीची, इतर गुंतवणुकींसह दीड लाखांच्या मर्यादेत, वजावट मिळते. ती अर्थातच करपात्र उत्पन्न असणाऱ्याला मिळते, रिक्षाचालकाला नाही. शहरांतील कित्येक नामांकित शाळा सवलतीच्या दराने मिळालेल्या सार्वजनिक भूखंडांवर उभ्या आहेत. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून तर सवलतीच्या जमिनीच्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचे बंधन ज्या शाळेवर आधीच आहे, तिला तेवढ्यापुरती प्रतिपूर्ती मिळणार नाही, अशी अट बाराव्या कलमात आहे. जमिनीची किंमत आणि सोडलेला कर यांचा हिशेब कोणी मागत नाही. खिचडीच्या शंभर ग्रॅम तांदळाचा मात्र मागितला जातो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच तक्रार केली होती की महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो. वरच्या वर्गांची नावे बदलली, पैशाचा उतार तोच राहिला.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. खासगी शाळेत गेलेल्या मुलालाही सगळ्या सेवा मिळू लागल्या तर सरकारी शाळेत राहण्याचे उरलेसुरले कारण संपेल, पट आणखी घसरेल, आणि पट घसरला की शाळा बंद करण्याचे निमित्त मिळेल. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचा, विचार पुढे आला तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा आकडा १४,७८३ इतका सांगितला गेला. त्या शाळा वाड्या-पाड्यांवर आहेत. त्या मिटल्या तर तिथली मुले, विशेषतः मुली, शाळेबाहेर जातील. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याची वारसदार कोणी असेल तर ती जिल्हा परिषदेची शाळा आहे, आणि तिला धक्का लागेल असे काही सुचवताना हात आखडलाच पाहिजे.

तरीही हा आक्षेप मला शेवटी पटत नाही, कारण त्यात पालक खिचडीसाठी शाळा निवडतात असे गृहीत आहे. ज्यांनी जिल्हा परिषदेची शाळा सोडली त्यांनी फुकट जेवण, फुकट पुस्तके, फुकट गणवेश हे सगळे मागे टाकून ती सोडली. त्यांना परत आणायचे असेल तर दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालवणे थांबवावे लागेल, रिक्त पदे भरावी लागतील आणि शिक्षकाच्या मागची अशैक्षणिक कामे काढावी लागतील. ते न करता धाकटीची ताटली रिकामी ठेवून थोरल्याची शाळा वाचेल, असे मानणे म्हणजे म्हशीचे दुखणे पखालीला औषध देऊन बरे करण्यासारखे आहे.

आक्षेपाचा एक भाग मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो: पैसा संस्थेच्या हातात देऊ नये. आपल्या राज्यात संस्थेच्या हातात दिलेल्या पैशाचे काय होते याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत हजेरीपटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले सापडली होती. २०२५ मध्ये नागपूर विभागात शिक्षकांच्या पगारासाठीच्या ‘शालार्थ’ या सरकारी प्रणालीतल्या बोगस आयडींवर पगार काढल्याचे प्रकरण उघडकीला आले. हे दोन्ही अनुदानाच्या व्यवस्थेतले प्रकार आहेत. विनाअनुदानित शाळांना आहार शिजवण्याचे, पुस्तके वाटण्याचे पैसे रोख दिले तर कागदावरची मुले किती जेवतील, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून सेवा सेवेच्याच रूपात दिली पाहिजे: पुस्तके बालभारतीकडून, तपासणी सरकारी पथकाकडून, उपकरण शिबिरातून, शिष्यवृत्ती थेट मुलाच्या खात्यात. शाळेने फक्त दार उघडायचे आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत खरा पट नोंदवायचा.

आहाराचा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. वर्गातल्या ४० पैकी १० मुलांनाच खिचडी वाढली तर ती ‘आरटीईवाली’ म्हणून सगळ्या शाळेच्या डोळ्यांत येतील. त्या अपमानापेक्षा काही मुले उपास पत्करतील, आणि त्यात त्यांचे चुकणारही नाही. यावर मला सुचणारी सीमारेषा सरकारनेच आखून ठेवलेली आहे. ज्या शाळेची वार्षिक फी प्रतिपूर्तीच्या दरापेक्षा, म्हणजे १७,६७० रुपयांपेक्षा कमी आहे, ती सरकार स्वतः एका मुलावर जेवढा खर्च मान्य करते त्याहून कमी खर्चात चालते. तिथली मुले श्रीमंतांची नाहीत हे वेगळे सिद्ध करायला नको. अशा शाळेने हिशेब उघडे ठेवायचे आणि केंद्रप्रमुखाच्या तपासणीला हरकत घ्यायची नाही असे मान्य केले, तर तिथल्या सर्वच मुलांना आहार द्यावा. शहरात केंद्रीय स्वयंपाकगृहाची गाडी तशीही त्या रस्त्याने जाते. गावात पातेले शेजारच्या इमारतीतच असते. त्याहून महाग शाळांतल्या आरटीईच्या मुलांसाठी कोविडच्या काळात केला तसा कोरडा शिधा घरी द्यावा. खात्यात पैसे टाकण्याच्या कल्पनेबद्दल मात्र मला फारसा उत्साह नाही. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीतल्या आहाराचे १५६ रुपये देण्यासाठी पहिली ते पाचवीच्या मुलांची बँक खाती उघडायला सांगण्यात आले होते, आणि खाते उघडण्यासाठी बुडालेली आईबापांची मजुरी त्या रकमेहून जास्त होती.

खर्चाचे काय, हा प्रश्न येणारच. नवा बोजा पडेल हे खरे आहे, पण तो वाटतो तितका सरसकट नाही. आरोग्य पथके नेमलेली आहेत, त्यांच्या गाड्या फिरत आहेत. त्यांना वाढीव शाळा नेमून द्यायच्या तर पथके थोडी वाढवावी लागतील. पाठ्यपुस्तके छापली जातातच, पट वाढवून मागणी नोंदवायची आहे. अवघड भाग आहाराचा आणि प्रतिपूर्तीचा, आणि त्यातही प्रतिपूर्ती हे नवे देणे नसून जुने कर्ज आहे. ती वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना दिली, आणि दर कसा काढला याचा हिशेब त्याच पोर्टलवर टाकला, तर संस्थाचालकांच्या तोंडची निम्मी कारणे गळून पडतील. उरलेल्या निम्म्यांसाठी मान्यता काढून घेण्याचा अधिकार खात्याकडे आहे. तो वापरण्याची हिंमत खात्यात का येत नाही हे समजून घ्यायला संस्थांच्या पाटीवरची संस्थापकांची आणि अध्यक्षांची नावे वाचली तरी पुरते.

यातल्या काही गोष्टींना वेळ लागेल. एनएमएमएसला लागणार नाही. केंद्राच्या नियमात विनाअनुदानित शाळांतील, पण बाराव्या कलमाखाली प्रवेश घेतलेल्या, विद्यार्थ्यांना पात्र धरावे, इतकी दुरुस्ती राज्याने लेखी मागावी; या विद्यार्थ्यांची यादी राज्याच्याच पोर्टलवर आहे, नावासकट आणि पत्त्यासकट. आमच्या त्या आवारात मागच्या इमारतीत या वर्षी आठवीत आरटीईची सात मुले आहेत. पुढच्या इमारतीतल्या आठवीच्या मुलांचे या परीक्षेचे अर्ज भरले जातात तेव्हा ही सात मुले खिडकीतून ते पाहतात. त्यांच्या वर्गशिक्षिकेने मला नववीच्या फीचा आकडा सांगितला आणि सातांपैकी किती जण पुढच्या जूनमध्ये येतील असे तिला वाटते तेही सांगितले. तिचा अंदाज दोनचा होता.